वाचक विचारतात : सात्ता खिंडीतून फुजी

जपानमधील जुन्या तोकाइदो मार्गावरील, फुजी पर्वताच्या दृश्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सात्ता खिंडीबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतील काही वाचकांनी विचारणा केली आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण इतरांच्या शंकांपैकी निम्म्या त्यातच मिटतात.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : आमच्या दिवाणखान्यात हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या एका चित्राची प्रत आहे. डावीकडे उभा कडा, कड्यावरून डोकावणारे इवलेसे प्रवासी, खाली निळ्या समुद्रात शिडांची गलबते आणि समोर पांढरा फुजी, असे ते चित्र आहे. येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघे टोकियोला मुलीकडे जात आहोत. ती म्हणते की ही जागा अजून आहे आणि तिथे जाता येते. आम्हाला एकच दिवस मोकळा आहे. मला चालण्याची सवय आहे, यजमानांचे गुडघे मात्र कुरकुरतात. जाणे जमेल का? आणि एवढे जाऊन फुजी दिसलाच नाही तर काय?

उत्तर : जाणे जमेल, आणि फेब्रुवारी हा तर त्यासाठी उत्तम महिना आहे. मात्र आपण ज्या चित्राच्या ओढीने निघाला आहात, त्यातील एक गोष्ट आता तिथे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हिरोशिगेच्या कड्याखाली थेट लाटा आहेत. आज कड्याखाली पाहिले तर प्रथम लोहमार्ग, मग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १ आणि अगदी पाण्याच्या काठाने तोमेइ द्रुतगती मार्ग दिसतो, आणि त्यापलीकडे सुरुगा उपसागर सुरू होतो. काही प्रवासी हे पाहून हिरमुसतात. माझे मत उलट आहे. ही खिंड पाहण्यासारखी आहे ती या रस्त्यांसकट, कारण एवढ्या चिंचोळ्या जागेतून माणसांनी चारशे वर्षे वाट कशी काढली, हे इथे एका नजरेत कळते.

तोकाइदो म्हणजे एदोतील, म्हणजे आजच्या टोकियोतील, निहोनबाशी पुलापासून क्योतोतील सान्जो पुलापर्यंतचा सुमारे ५०० किलोमीटरचा मार्ग. तोकुगावा इएयासु या सत्ताधीशाने १६०१ साली त्यावर घोडे आणि हमाल पुरवणाऱ्या मुक्कामांची व्यवस्था लावायला सुरुवात केली आणि पुढे त्या मुक्कामांची संख्या ५३ झाली. त्यांतील सोळावा मुक्काम युइ आणि सतरावा ओकित्सु. या दोन गावांच्या मध्ये डोंगर जवळजवळ समुद्रातच उतरतो. मुंब्र्याला देवीच्या डोंगराच्या पायऱ्या चढून ज्यांनी मागे वळून पाहिले आहे, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही : एकीकडे कडा, दुसरीकडे पाणी आणि मधल्या पट्टीत एकमेकांना खेटून चाललेले रूळ आणि रस्ते. फरक एवढाच की सात्तापाशी पूर्वी ती मधली पट्टीही नव्हती. ओहोटी साधून, लाट मागे सरकली की खडकांवरून धावत सुटायचे, असा तो रस्ता होता, आणि तिथे आईबापाला लेकराकडे व लेकराला आईबापाकडे पाहण्याची सवड मिळत नाही, अशी त्याची ख्याती होती. १६५५ साली कोरियाचे दूतमंडळ एदोला जाणार म्हणून सरकारने डोंगराच्या कुशीतून वरचा रस्ता काढला. पाहुण्यांना लाटांतून पळवणे शोभले नसते. आपल्या चित्रातील प्रवासी उभे आहेत तो हाच रस्ता. हिरोशिगेची ५३ मुक्कामांची मालिका १८३३-३४ च्या सुमारास निघाली आणि युइचे चित्र म्हणून त्याने गावातील घरे सोडून ही खिंड काढली, यातच त्या काळच्या वाटसरूंना युइ म्हटल्यावर काय आठवत असे ते कळते.

मग २३ डिसेंबर १८५४ रोजी मोठा भूकंप झाला आणि इथला किनारा वर उचलला गेला. जो काठ लाटांखाली असे, तो कोरडा झाला. पुढे रस्ता खाली उतरला, १८८९ साली रेल्वे आली आणि १९६९ साली तोमेइ मार्ग पूर्ण झाला तेव्हा त्याच्यासाठी समुद्राकडचीच बाजू उरली होती. म्हणजे आज आपण वरून जी वाहने पाहणार, ती भूकंपाने वर काढलेल्या आणि नंतर माणसांनी बांधून वाढवलेल्या पट्टीवरून धावतात. डोंगर मात्र स्वस्थ बसलेला नाही. १९७४ च्या जुलैमधील अतिवृष्टीत इथे दरडी कोसळून रेल्वे आणि महामार्ग अडले होते. जपानच्या केंद्र सरकारने २००५ पासून या उताराचे काम स्वतःकडे घेतले आहे. जमिनीत मुरलेले पाणी हेच दरड सरकण्याचे मुख्य कारण असल्यामुळे उतारावर रुंद, खोल विहिरी खणून त्यांत आडव्या नळांनी पाणी गोळा केले जाते आणि खालून बाहेर सोडले जाते. खिंडीकडे चालताना काँक्रीटची गोल तोंडे आणि जाळ्या दिसल्या तर त्या याच कामाच्या आहेत. देशाची मुख्य वाहतूक एकाच चिंचोळ्या जागेत अडकू नये म्हणून डोंगरामागून दुसरा द्रुतगती मार्गही काढला गेला आणि तो २०१२ साली सुरू झाला, पण त्याचे वरून काही दिसत नाही. शिंकान्सेन ही अतिजलद रेल्वेही या भागात बोगद्यांतूनच जाते.

आता प्रत्यक्ष जाण्याविषयी. टोकियोहून कोदामा किंवा हिकारी या शिंकान्सेन गाड्यांनी शिझुओकाला जावे. हिकारीला तासभर लागतो, पण शिझुओकाला थांबणारी हिकारी तासाला साधारण एकच असते, तर प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या कोदामाला दीड तास लागतो. नोझोमी ही सर्वांत जलद गाडी शिझुओकाला थांबतच नाही, तेव्हा घाईत तिच्यात चढू नये. शिझुओकाहून तोकाइदो याच नावाच्या लोहमार्गावरची लोकल टोकियोच्या दिशेने परत वीस-पंचवीस मिनिटांत ओकित्सु आणि मग युइला नेते. नकाशा पाहून शिन-फुजी स्थानक जवळ वाटते, पण ते जुन्या लोहमार्गावरच्या फुजी स्थानकाला जोडलेले नाही आणि मध्ये बस घ्यावी लागते, म्हणून ते टाळलेले बरे. टोकियोहून जाताना उजवीकडची खिडकी, म्हणजे साध्या डब्यातील ‘ई’ आसन मागावे, कारण फुजी त्या बाजूला दिसतो.

युइ ते ओकित्सु हा पल्ला रमतगमत चालल्यास अडीच-तीन तासांचा आहे. युइ स्थानकापासून खिंड साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. पहिला भाग कुरासावा नावाच्या जुन्या वस्तीतून जातो. अरुंद गल्ली, लाकडी जाळीच्या खिडक्यांची घरे आणि वस्ती संपता संपता एकदम उभा चढ, असे त्याचे स्वरूप आहे. चढ डांबरी आहे, पण गुडघ्यांना जाणवेल इतका तीव्र आहे. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या आणि लोकाटांच्या बागा आहेत. उतार इतका की तोडलेली फळे माणसाने वाहून आणणे अवघड, म्हणून बागांतून जमिनीपासून हातभर उंचीवर एकच दातेरी लोखंडी रूळ टाकलेला असतो आणि त्यावरून लहानसे इंजिन फळांचा गाडा ओढत वर-खाली करते. रस्त्याच्या कडेला फळीवर संत्र्यांच्या पिशव्या आणि शेजारी पैसे टाकायचा डबा ठेवलेला दिसेल. विक्रेता नसतो. शंभर येनची नाणी खिशात असू द्यावीत.

आपल्या यजमानांसाठी माझी सूचना अशी की त्यांनी हा चढ टाळावा. खिंडीवर लहानसे वाहनतळ आणि स्वच्छतागृह आहे, आणि तिथून पाहण्याच्या ओट्यापर्यंतची पायवाट काही मिनिटांचीच आहे. मुलीने टॅक्सी आधी ठरवून ठेवली तर ते वरपर्यंत गाडीने येतील आणि आपण चालत पोहोचाल. युइ स्थानकाबाहेर टॅक्सी उभी असेलच, असे गृहीत धरू नये. दोघांनाही थोडे चालायचे असेल तर मात्र ओकित्सुकडून चढून युइकडे उतरावे, असे मी म्हणेन. नकाशात युइ ते ओकित्सु ही दिशा स्वाभाविक वाटते, कारण तोकाइदोचा क्रम तसा आहे, पण त्या दिशेने चालताना फुजी पाठीशी राहतो आणि दर थोड्या वेळाने मान वळवावी लागते. ओकित्सुकडून आलात तर एका वळणानंतर डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र आणि समोर फुजी, अशी आपल्या चित्राची मांडणी आपोआप पुढ्यात येते.

फुजी दिसण्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, पण शक्यता वाढवता येते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात हवा कोरडी आणि स्वच्छ असते, आणि सकाळी फुजीभोवती ढग कमी असतात. म्हणून दहाच्या आत वर पोहोचण्याचा बेत करावा. या खिंडीवर जपानच्या सरकारी खात्याने लावलेला कॅमेरा आहे आणि त्याचे चित्र मोबाइलवर पाहता येते. ठरलेल्या दिवशी टोकियोत उठल्यावर ते पाहावे आणि फुजी झाकलेला असेल तर शक्य असल्यास दिवस बदलावा. त्याच वेळी पायवाट सुरू आहे का, हेही शिझुओका शहराच्या सूचनांमध्ये पाहून घ्यावे, कारण वादळ-पावसानंतर दरड आली की ती महिनोन् महिने बंद राहू शकते. थंडीची फार काळजी नको. हा किनारा जपानच्या मानाने उबदार आहे आणि बर्फ क्वचितच पडते. वर वारा असतो, तेव्हा कानटोपी घ्यावी.

आणि फुजी रुसलाच, तर ओकित्सुचे सेइकेन्जी मंदिर आपला दिवस वाया जाऊ देणार नाही. ज्या कोरियन दूतांसाठी खिंडीचा रस्ता काढला, ते या मंदिरात थांबत आणि कविता लिहून देत. ते साहित्य तिथे जपलेले आहे, आणि या दूतमंडळांविषयीच्या दस्तऐवजांचा युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत २०१७ साली समावेश झाला. १८८९ साली रेल्वे आली तेव्हा रूळ मंदिराच्या आवारातूनच नेले गेले. आजही दरवाजा रुळांच्या अलीकडे आणि मुख्य वास्तू पलीकडे आहे, आणि मध्ये पुलावरून जाताना खालून लोकल धडधडत जाते. मागच्या उतारावर दगडी अर्हतांचा, म्हणजे बुद्धाच्या ज्ञानी शिष्यांचा, मोठा मेळा बसलेला आहे आणि त्यांतील दोन चेहरे सारखे सापडणे कठीण. फेब्रुवारीत ओकित्सुमध्ये लवकर फुलणारा साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, असतो, हे टोकियोत मार्चअखेरची वाट पाहणाऱ्यांना ठाऊक नसते.

प्रश्न (ऐरोली) : मी विद्यार्थी आहे. शिंकान्सेन परवडत नाही. टोकियोहून साध्या गाडीने जाता येईल का, की मित्रांसोबत गाडी भाड्याने घ्यावी?

उत्तर : साध्या गाडीने जरूर जावे. साधारण तीन तास लागतात आणि खर्च निम्म्याच्या आसपास येतो. एक खबरदारी घ्यावी. टोकियोत कार्ड टेकवून आत शिरलात, तर वाटेत आतामीपाशी रेल्वे कंपनी बदलते आणि त्या कार्डावर युइला बाहेर पडताना अडचण येते. म्हणून निघतानाच युइपर्यंतचे कागदी तिकीट काढावे. सात दिवसांचा रेल्वे पास या सहलीसाठी घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत ५०,००० येन झाली आणि टोकियो-क्योतो एका वेळचे भाडे सुमारे १४,००० येन, तेव्हा हिशेब जुळत नाही. गाडीविषयी म्हणाल तर भारतात आरटीओ देते तो आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो आणि तिथेही आपल्यासारखेच डावीकडून चालवतात, पण खिंडीकडचा रस्ता जागोजागी एका गाडीपुरताच आहे आणि वरचे वाहनतळ मोजक्याच गाड्यांचे आहे. सुट्टीच्या दिवशी समोरून गाडी आली की उतारावर मागे घेत बसावे लागते. परक्या देशात हा सराव करू नये.

प्रश्न (खारघर) : मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे महिन्यातच जाता येते. तेव्हा गेले तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण अपेक्षा बेताची ठेवून. मेमध्ये हवा धूसर होऊ लागते आणि फुजी दिसलाच तर बहुधा सकाळी लवकर, फिकट असा दिसतो. माथ्यावर बर्फ मात्र अजून असते. एप्रिलअखेर ते ५ मेपर्यंत जपानमध्ये सुट्ट्यांचा हंगाम असतो, तो टाळावा, आणि जूनमध्ये तिकडचा पावसाळा सुरू होतो, तो तर टाळावाच. मेची भरपाई दोन गोष्टींनी होते. बागांतील लोकाटांच्या प्रत्येक घोसाला पक्ष्यांपासून आणि डागांपासून वाचवण्यासाठी कागदी पिशव्या बांधलेल्या असतात आणि सगळा उतार त्या पिशव्यांनी भरलेला दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे साकुरा एबी ही चारेक सेंटिमीटरची गुलाबी कोळंबी. जपानमध्ये तिची मासेमारी सुरुगा उपसागरातच होते आणि हंगाम दोनच : मार्चअखेर ते जूनचा आरंभ, आणि ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. दिवसा ती खोल पाण्यात असते आणि रात्री वर येते, म्हणून बोटी जोडीने रात्री निघतात. १८९४ साली युइच्या मच्छीमारांची जाळी चुकून खोल गेली आणि त्यांत ही कोळंबी भरून आली, तेव्हापासून हा धंदा सुरू झाला. युइ बंदरावर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचे साधे उपाहारगृह आहे, तिथे पिठात घोळून तळलेली ही कोळंबी भातावर मिळते. २०१८ पासून काही हंगामांत मासेमारी फारच कमी झाली, त्यामुळे ताजी मिळेलच असे नाही. ते निघण्याआधी तपासून घ्यावे.

प्रश्न (नेरूळ) : आम्ही शाकाहारी आहोत. मुलांना घेऊन खिंडीत जाताना खाण्याचे काय?

उत्तर : खिंडीत दुकान नाही आणि युइत जे प्रसिद्ध आहे ते आपल्या कामाचे नाही. तिकडे भाजीच्या रश्श्यातही बहुधा माशांचा अर्क असतो. नूडल्सच्या पाण्यातही तोच. तेव्हा दशम्या, चटणी, मेतकूट घरून न्यावे. विमानात ताजी फळे आणि भाज्या नेऊ नयेत, कारण प्रमाणपत्राशिवाय ती जपानमध्ये जप्त केली जातात आणि यात हापूसही आला. फळांची हौस खिंडीच्या वाटेवरच्या डब्यात पैसे टाकून भागवावी.

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे) : अनेकजण जपानमधील मागोमे ते त्सुमागो या दोन गावांमधल्या जुन्या वाटेची शिफारस करतात. सात्तापेक्षा ते चांगले का?

उत्तर : तो मार्गच वेगळा. ती वाट तोकाइदोची नसून डोंगरातून जाणाऱ्या नाकासेन्दो मार्गाची आहे आणि त्या मार्गावर ६९ मुक्काम होते. मागोमे ते त्सुमागो सुमारे ८ किलोमीटर, मध्ये जवळपास ८०० मीटर उंचीची खिंड, दाट झाडी, धबधबे आणि अस्वलांना चाहूल लागावी म्हणून वाजवायच्या घंटा असे तिचे स्वरूप आहे. खिंडीवरून दूरचे दृश्य जवळजवळ नाही. लोक जातात ते दोन्ही टोकांच्या गावांसाठी. त्सुमागोच्या लोकांनी घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत आणि पाडायची नाहीत असे ठरवून गाव राखले आणि १९७६ साली त्याला राष्ट्रीय संरक्षण मिळाले. नागोयाहून तिथे एक रात्र राहायचे असेल तर मागोमे-त्सुमागो निवडावे. टोकियोहून एकाच दिवसात परतायचे असेल तर सात्ता, यात मला शंका नाही.

प्रश्न (वाशी) : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल टोकियोहून क्योतोला बसने जाणार आहे. आयोजक म्हणतात, वाटेत सात्ता ‘करून टाकू’. ते शक्य आहे का?

उत्तर : मोठी बस खिंडीपर्यंत जाऊ शकत नाही, त्यामुळे आयोजकांच्या मनात नेमके काय आहे ते आधी विचारून घ्यावे. तोमेइ मार्गाने बस गेली तर ती खिंडीच्या पायथ्यापासून जाते आणि तेवढ्यालाच ‘सात्ता पाहिले’ म्हणण्याची शक्यता आहे. त्याऐवजी बसने युइला उतरावे. जुन्या मुक्कामाच्या जागी आता बाग आणि हिरोशिगेच्या चित्रांचे संग्रहालय आहे. ते १९९४ साली सुरू झाले, सोमवारी बंद असते, आणि बाहेर रस्त्यालगत सरदारांच्या घोड्यांना पाणी पाजायचे लांब कुंड आहे, त्यात आता कासवे पोहतात. ज्यांचे पाय धड आहेत अशांनी तिथून दोन-तीन टॅक्सी करून खिंडीवर जाऊन यावे आणि बाकीच्यांनी संग्रहालयात बसावे. एक लक्षात असू द्यावे : संग्रहालय युइ स्थानकापासून खिंडीच्या विरुद्ध दिशेला आहे आणि चालत साधारण पंचवीस मिनिटे लागतात, तेव्हा ‘जवळच आहे’ म्हणून सगळ्या संघाला रस्त्याने चालवू नये. बस संग्रहालयाशी नेमकी कुठे थांबू शकते, ते आयोजकांनी तिथे आधी विचारून ठेवावे.